सात सोळाचा उपग्रह

उपग्रह वेळेवर येतो. वाचणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही, पण मी एकतीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होतो. कोणत्या स्टँडवर ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे. काचेच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारायच्या आणि रजिस्टरात ‘येण्याची वेळ’ आणि ‘आल्याची वेळ’ असे दोन रकाने भरायचे, हे माझं काम. हे दोन रकाने एकमेकांशी जुळलेले मी फार थोड्या वेळा पाहिले, आणि एकदा जुळले तेव्हा चौकशीअंती ती आदल्या फेरीची गाडी निघाली. अशा माणसाला निवृत्तीनंतर कोणी सांगितलं की संध्याकाळी सात वाजून सोळा मिनिटांनी वायव्येकडून एक वस्तू येणार आहे, आणि ती खरोखर सात सोळाला आली, तर त्याचं काय होईल? माझं तेच झालं.

मी सत्तार. मुक्काम गेवराई, हायवेच्या अलीकडची गल्ली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर छत, छतावर पाण्याची टाकी. आमची एकुलती एक मुलगी उज्मा सुरतेला दिलेली. जावई मुस्तकीम तिथे साड्यांवर जरीकाम करतो. उज्माचे दिवस भरत आले म्हणून माझी बायको सायरा महिनाभर आधी सुरतेला गेली. “आत्ता जाते, आत्ता येते,” म्हणाली. बाळाने मात्र येण्याची वेळ आणि आल्याची वेळ यात पंधरा दिवसांचं अंतर पाडलं. नात झाली. मग चाळीस दिवसांची विश्रांती आली, त्यात आजी लागतेच. आजोबा लागत नाहीत, तशी पद्धत नाही.

सरळ सांगतो, सायरा गेली तेव्हापासूनच मला एकटं वाटायला लागलं. एकतीस वर्षं मी रोज हजारो माणसांशी बोललो. त्यातलं एकही उलट बोललं नाही हा भाग वेगळा, पण समोर माणसं होती. आता घरात मी बोलायचो ते कुकर ऐकायचा. एकदा चहा उतू गेला तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,” आणि मग बराच वेळ ओट्यापाशी उभा राहिलो.

बाळाची वाट बघत होतो तेव्हाच एका संध्याकाळी छतावर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो, तर पश्चिमेकडून एक ठळक चांदणी चालत निघाली होती. विमान म्हणावं तर दिवा उघडझाप करत नव्हता. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटात तात्याबा शेरडं बांधतो. त्याला वरूनच विचारलं.

“ती व्हय? ती फिरती चांदनी हाय,” तात्याबा म्हणाला. “लई वर्सं झाली बगतोय. शेरडं राखताना मानसानं दुसरं काय बगावं?”

समोरच्या घरातला हरिओम लग्नाचे फोटो काढतो. त्याचा स्टुडिओ असल्यामुळे जगातल्या सगळ्या विषयांवर त्याचं मत असतं. तो म्हणाला, “चाचा, ते अंतराळ स्थानक हाय. मानसं ऱ्हातेत त्यात.” आणि त्याने माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. आपल्या गावावरून कोणता उपग्रह किती वाजता, कुठून कुठे जाणार, सगळं त्यात येतं. त्या रात्री मी बराच वेळ विचार करत होतो की वर माणसं आहेत, आणि त्यांच्या बायका खाली आहेत. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर आखलं. लांब, पुठ्ठ्याचं, निवृत्तीच्या दिवशी डेपोच्या स्टोअरने भेट दिलेलं. रकाने पाडले: तारीख, येण्याची वेळ, आल्याची वेळ, दिशा, निरीक्षक संख्या, शेरा. निरीक्षक संख्या कशाला, असं हरिओमने विचारलं. मी म्हणालो, नियम असतो. मला तो नियम कुठला ते माहीत नव्हतं, पण रकाना पाडला होता.

आणि मग माझ्या डोक्यात ती गोष्ट आली, जिच्यामुळे पुढचं सगळं घडलं. हे स्थानक इतकं उंच असतं की गेवराईतून दिसतं त्याच वेळी सुरतेतूनही दिसतं. म्हणजे सायरा तिथल्या छतावर गेली आणि मी इथल्या, तर आम्ही दोघं एकाच मिनिटाला एकाच वस्तूकडे बघू. मी तिला फोन करून हे समजावलं. घरात आम्ही दखनी बोलतो, इथे मराठी करून सांगतो.

“आणि त्यानं काय होईल?” सायराने विचारलं.

 मी वेळ सांगितली आणि फोन ठेवला. संध्याकाळी उपग्रह गेला. मी लगेच फोन लावला.

“दिसला?”

“दिसला. लई छान,” सायरा म्हणाली.

मी रजिस्टरात निरीक्षक संख्या ‘दोन’ लिहिली. असे अकरा वेळा ‘दोन’ लिहिले गेले. त्या दिवसांत माझं जेवणही बरं जात होतं.

माणसाने इथेच थांबायला हवं होतं. पण हरिओम म्हणाला, “चाचा, नुसतं बगून काय? फोटो पायजे.” त्याने आपला जुना कॅमेरा आणि तिपाई मला दिली. तिपाईचा एक पाय मोडलेला, त्याला बँडेज. पद्धत अशी की कॅमेऱ्याचा डोळा अर्धा मिनिट उघडा ठेवायचा, म्हणजे उपग्रह जाईल तशी फोटोत उजेडाची रेघ उमटते. पहिल्या संध्याकाळी मी चाळीस फोटो काढले. चाळीसही काळेकुट्ट. हरिओमने ते फार गंभीरपणे एकेक करून पाहिले आणि म्हणाला, “चाचा, भिंगावरचं टोपन काढलंतं का?”

दुसऱ्या दिवशी टोपण काढलं. फोटोत माझा अंगठा आला. तिसऱ्या दिवशी तिपाईचं बँडेज सुटलं आणि खालून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचा दिवा आला. चौथ्या दिवशी मात्र स्वच्छ, सरळ, पांढरी रेघ आली. मी ती घेऊन हरिओमच्या दुकानात गेलो. दुकानात एक नवरदेव फेटा बांधून बसला होता, त्यालाही दाखवली. हरिओमने फोटो मोठा करून पाहिला.

“चाचा, ही खांबावरची तार हाय.”

नवरदेव हसला. तो त्याचा शुभ दिवस होता म्हणून मी त्याला माफ केलं.

शेवटी कळलं की तारा चुकवायच्या तर टाकीवर चढायला पाहिजे. म्हणजे साठ वर्षांचा माणूस, गळ्यात कॅमेरा, दातांत बॅटरी, शिडीवरून टाकीवर. गल्लीतल्या बायकांनी आक्षेप घेतला की कंट्रोलर छतावरून कॅमेरा लावून बसतात, आमचं वाळवण असतं. मी कॅमेऱ्याला बाजूंनी पुठ्ठा बांधला, म्हणजे त्याला फक्त वरचं दिसेल. त्यामुळे तो कॅमेरा राहिला नाही, काहीतरी भलतंच यंत्र दिसू लागलं. त्या दिवसांत आमच्याकडे रात्री ड्रोन फिरतात अशी आवई उठलेली. आकाशात चालता दिवा, आणि टाकीवर पुठ्ठ्याचं यंत्र घेतलेला मी. लोकांनी बेरीज केली. दोन दिवसांत ठाण्यातून बोलावणं आलं.

जमादार सुग्रीव म्हणून होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यापुढे छापील अर्ज होता आणि त्यातल्या जागा भरायच्या होत्या.

“ड्रोन कुठं हाय?”

“ड्रोन नाही, साहेब. कॅमेरा आहे.”

“मग वर उडतंय ते काय?”

“उपग्रह.”

“कोनाचा?”

“बऱ्याच देशांचा मिळून आहे.”

त्यांनी लिहिलं, ‘मालक एकापेक्षा जास्त.’ मग म्हणाले, “परवानगी?”

“साहेब, मी उडवत नाही. मी फक्त बघतो.”

“मंग बगायची परवानगी?”

त्यांनी अर्ज उलटून मागची बाजूही पाहिली. अखेर असं ठरलं की उपग्रह कधी कधी येणार याचं वेळापत्रक मी आधी ठाण्यात द्यायचं, म्हणजे कोणी तक्रार केली तर ठाण्याला माहिती असावी. मी महिनाभराचं वेळापत्रक केलं, दोन प्रतींत, खाली ‘वेळेत बदल होणार नाही’ असं लिहून. हे वाक्य मी ठळक करून लिहिलं. नोकरीत ते मला एकदाही लिहिता आलं नव्हतं. एक प्रत ठाण्यात दिली, एक सायराला फोनवर पाठवली.

एका संध्याकाळी जमादार स्वतः खात्री करायला आले. फाटकापाशी मनगटी घड्याळ बघत उभे राहिले. काटा जागेवर आला आणि उपग्रह लिंबाच्या मागून निघाला. “च्यायला, टायमावर आला बे!” असं ते स्वतःशीच म्हणाले आणि तक्रार निकाली काढली. जाताना वळून म्हणाले, “कंट्रोलर, तुमच्या गाड्या कावून अशा येत नव्हत्या?”  काही अपमान गिळायचे असतात.

पण खरा घाव पुढच्याच आठवड्यात बसला, तोही सायराच्या हातून. त्या दिवशी मी तिला फोन केला, “दिसला?” ती म्हणाली, “दिसला. लई छान.” आणि मी टाकीवर तसाच उभा राहिलो, कारण मला काहीच दिसलं नव्हतं. आकाश स्वच्छ होतं. खाली येऊन वेळापत्रक पाहिलं, तर मी तारीख चुकलो होतो. त्या संध्याकाळी कोणताही उपग्रह नव्हता. सायराला नसलेला उपग्रह दिसला होता.

मी तिला काही बोललो नाही. चाळीस दिवसांच्या आतलं बाळ, बाळंतीण, दोन वेळचा स्वयंपाक, त्यात ही कुठे छतावर जाणार? मला समजत होतं. पण वाईट वाटलंच. रजिस्टर काढलं आणि अकराही ‘दोन’ लाल शाईने खोडून ‘एक’ केले. खाडाखोडीवर सही करावी लागते, म्हणून अकरा सह्या केल्या. त्यानंतर मी ‘दिसला का’ म्हणून फोन केला नाही, फक्त पुढच्या महिन्याचं वेळापत्रक ठाण्यात दिलं आणि तिलाही पाठवलं.

मग रमजान लागला. सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, एकट्याने उठायचं तर स्वतःलाच “उठा” म्हणायचं. इफ्तारला शेजारपाजारहून ताटं यायची. आमच्यात आलेलं ताट रिकामं परत पाठवत नाहीत, आणि मला येतो फक्त चहा. म्हणून मी प्रत्येक ताटात एक बिस्किटपुडा ठेवून परत करायचो. पंधरा दिवसांत आख्ख्या गल्लीत बिस्किटं झाली. एक पुडा फिरून परत माझ्याकडेच आला, तो मी ओळखला.

आता एकोणतिसाव्या रोज्याकडे येतो. रमजान एकोणतीस दिवसांचा की तीसचा, हे चाँदावर असतं. एकोणतिसाव्या संध्याकाळी चाँद दिसला तर ईद दुसऱ्या दिवशी, नाही दिसला तर आणखी एक रोजा आणि ईद तिसऱ्या दिवशी. उज्माचे चाळीस दिवस तिसाव्या दिवशी, म्हणजे उद्या, पुरे होत होते. त्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये सगळ्यांच्या जागा ठेवलेल्या. सायरा, उज्मा, मुस्तकीम आणि नात. गाडी पहाटे गेवराईच्या फाट्यावर. म्हणजे चाँद आज दिसला नाही तर ईदच्या पहाटे माझं घर भरलेलं. आणि आज दिसला तर ईद उद्या, ते परवा. घरात ईदला मी आणि कुकर.

मी घर धुऊन काढलं होतं. तात्याबाने नातीसाठी झोळी बांधून दिली होती, तिचा दोर तीनदा ओढून बघितला होता. शीरखुर्म्याच्या शेवया आणून ठेवल्या होत्या. नातीला मी फोनवरच पाहिलं होतं, तेही झोपलेली असताना. तेव्हा चाँद दिसू नये अशी माझी इच्छा होती. ही इच्छा मी कोणाला सांगितली नाही, सांगण्यासारखी नव्हती.

दुपारीच ढग आले. अवकाळी, काळे, पश्चिमेकडून. मी खूश झालो आणि लगेच माझ्या लक्षात आलं की वेळापत्रकात त्याच संध्याकाळी सात सोळा लिहिलेलं आहे, वायव्येकडून, महिन्यातला सगळ्यात ठळक फेरा. म्हणजे मला चाँदासाठी ढग हवे होते आणि उपग्रहासाठी नको होते. एकाच आकाशाकडे मी दोन अर्ज केले होते.

इफ्तार झाली, सूर्यास्तानंतरची मगरिबची नमाज झाली. सगळी गल्ली छतांवर. या छतावरून त्या छतावर सल्ले सुरू झाले.

“मोबाइल टावरच्या डाव्या अंगाला बगा!”

“न्हाई, गेल्या साली लिंबाच्या वर होता!”

“गेल्या साली तुमी लिंबच बगत होतात!”

ढग हलेनात. चाँद दिसल्याचं जाहीर करणाऱ्या शहरांतल्या चाँद कमिट्यांकडूनही फोन नव्हता. सात दहाला लोक कंटाळून खाली उतरले. “उद्या रोजा,” असं जो तो म्हणू लागला. तात्याबा त्या दिवशी तेलगावला लेकीकडे जातो म्हणून आधीच सांगून गेलेला, हरिओम कोणाच्या तरी हळदीला. मी टाकीवर चढलो. कॅमेरा लावला. फोनचा उजेड फोटोत येऊ नये म्हणून त्याचा आवाज बंद करून तो पालथा ठेवला. आकाश बंद होतं, पण वेळापत्रकात नाव आहे म्हणून कंट्रोलर खिडकीत बसतोच.

सात पंधराला वारा सुटला. ढगात बोटभर फट पडली, मग हातभर झाली. आणि त्या फटीत, टॉवरच्या डावीकडे, दोन बोटं वर, चाँद होता.

बारीक. नखाएवढा. पण होता.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात सात सोळा झाले. चाँदाच्या उजव्या बाजूने स्थानक निघालं आणि वर चढू लागलं. हाताने सवयीने बटण दाबलं. अर्धा मिनिट कॅमेऱ्याचा डोळा उघडा राहिला. मग ढग परत मिळाले आणि सगळं बंद झालं. कॅमेऱ्यात बघितलं. खाली चाँद, उजवीकडून वर गेलेली पांढरी रेघ, ना तार, ना अंगठा. आयुष्यातला माझा पहिला चांगला फोटो.

मी टाकीवर बसून राहिलो. कोणीच पाहिलं नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्या छतांवर फक्त सतरंज्या होत्या. मी खाली उतरून गप्प झोपलो असतो तरी चाललं असतं. उद्या रोजा धरला असता, परवा पहाटे फाट्यावर गेलो असतो आणि नातीला हातात घेतलं असतं. नेमकं त्याच दिवशी भिंगावरचं टोपण विसरलो असतो तर किती बरं झालं असतं, असंही मनात आलं.

पण ईदच्या दिवशी रोजा धरत नाहीत, आणि मी गप्प राहिलो तर सगळं गाव धरणार होतं. दुसरंही एक होतं. नोकरीत एका साहेबाने मला एकदा सांगितलं होतं की उशिरा आलेली गाडी वेळेवर आली असं लिहा. मी लिहिलं नव्हतं. माझ्या हातून मोठं असं काही झालं नाही, पण ‘आल्याची वेळ’ मी खरी लिहिली. आता या वयात चाँदाची खोटी लिहू? मी शिडीवरून उतरलो, चपला घातल्या आणि कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून मशिदीकडे गेलो.

मशिदीशेजारच्या खोलीत कमिटीचे पाचसहा लोक बसले होते. मी म्हणालो, “चाँद दिसला. सात पंधरा.”

सगळ्यांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातून कलीम फळवाला म्हणाला, “चाचा, उपग्रह असंल.”

“उपग्रह सात सोळाला होता. चाँद सात पंधराला.”

“मंग चाँद एक मिनिट आधी आला म्हना की! कंट्रोलरच्या जिंदगीत पैल्यांदाच!”

हशा पिकला. मौलाना हसले नाहीत. वयस्कर माणूस, शांत. त्यांनी मला समोर बसवलं, कागद घेतला आणि विचारायला लागले. कोणत्या बाजूला? किती उंच? टोकं कोणीकडे? किती वेळ दिसला? मी सगळं सांगितलं, दिशा, बोटं, मिनिटं. इतकी व्यवस्थित उत्तरं त्यांना कोणी दिली नसावीत. ते भराभर लिहीत होते. मग त्यांनी विचारलं, “दुसरं कोन होतं छतावर?”

“कोणी नाही.”

“घरातलं कोनी?”

“मौलाना, घरात कोणी नाही. मी एकटाच असतो.”

हे मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, असं मला वाटलं होतं. पण कलीमने मान खाली घातली, तेव्हा कळलं की आवाज नेहमीचा नव्हता.

मौलानांनी पेन ठेवलं. “सत्तारभाई, तुमी खोटं बोलनार न्हाईत हे मला मालूम हाय. पन ईदच्या चाँदाला आसमानात ढग असले की एकाची गवाही पुरत न्हाई. दोघं लागतेत.”

मी कॅमेरा पुढे केला. त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. “माशाअल्लाह, फोटो लई सुंदर आलाय,” ते म्हणाले. “पन गवाही मानसाची लागती.”

म्हणजे असं झालं, की ज्या खऱ्यासाठी मी ईद घालवायला निघालो होतो ते खरं मी एकटा असल्यामुळे धरलं जात नव्हतं. चाँद नव्हता असं ठरलं तर माझ्याच फायद्याचं होतं, ईदला सगळे घरात असणार होते. तरी मी तिथे बसून भांडत होतो. वेळ सांगत होतो, दिशा सांगत होतो, ठाण्यात दिलेल्या वेळापत्रकाचा दाखला देत होतो. हरिओम हळदीहून आला, त्याने दारातून खूण केली, “चाचा, जाऊ द्या की.” माझ्याने जाऊ देववेना. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं मोजणारं जगात दुसरं कोणी नाही, ही गोष्ट मला त्या खोलीत पहिल्यांदा नीट कळली.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी मौलानांचा फोन वाजला. शहराच्या कमिटीकडून. गुजरातेत बऱ्याच ठिकाणी चाँद दिसला, आकाश मोकळं होतं, गवाह्या झाल्या, ईद उद्या. मौलाना उठले, भोंग्यावरून घोषणा झाली. बाहेर फटाके वाजले, खोलीतले सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि बाजाराकडे पळाले. कलीम जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “चाचा, तुमी खरं बोलत होता,” आणि तोही गेला, त्याला फळांची गाडी लावायची होती. माझ्या गवाहीचा कागद सतरंजीवर होता. त्यावर कोणीतरी खजुराची वाटी ठेवली होती. तो लागलाच नाही.

सगळे गेल्यावर मी खिशातून फोन काढला. सायराला सांगायचं होतं की घाई करू नका, परवाच या. फोन उघडला तर तिचे चार फोन येऊन गेलेले. मी परत लावला.

“अजी, कुठं होतात? कवापासून लावतेय!” सायरा ओरडली. मागे सुरतेचे फटाके ऐकू येत होते. “चाँद दिसला!”

“माहीत आहे. आत्ता भोंगा झाला.”

“भोंग्याचं न्हाई सांगत. मला दिसला, मला. इथं सगळी बिल्डिंग चाँद बगायला छतावर गेलती, मी बी गेले. मग याद आली, तुमचं ते सात सोळा. बगते तर चाँदाच्या उजव्या अंगानं निघाला की तुमचा! वर वर चढत गेला. मी उज्माला बी वरडून बोलावलं.”

उजव्या अंगाने, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. कोणालाच सांगितलेलं नव्हतं, ते फक्त माझ्या कॅमेऱ्यात होतं.

“ऐकताय ना?” तिचा आवाज खाली आला. “आधीचे मी कधी बगितलेच न्हाईत. पोरीला तेल लावायची टाइम ती. तुमाला बरं वाटावं म्हनून हो म्हनायचे. गुस्सा करू नका.”

“नाही करत.”

“चाँद दिसला तवा पैलं काय मनात आलं सांगू? म्हनलं, कोनालाच न दिसो. उद्या ईद झाली तर हा मानूस घरात एकटा बसंल.” ती थांबली. “मग मीच सगळ्यांच्या आधी वरडले. दिसलेला चाँद कसा लपवावा?”

“लपवता येत नाही,” मी म्हणालो.  मी तिला विचारलं, पहिला फोन किती वाजता लावला होतास?

“मला काय मालूम? दिसला तवाच.”

मी फोनमध्ये पाहिलं. सात एकोणीस.

घरी आलो. झोळी रिकामी होती, तिला एक झोका दिला. शेवया परवासाठी डब्यात ठेवल्या, थोड्या उद्यासाठी काढल्या, कारण गल्लीत सगळ्यांकडे माझे बिस्किटपुडे होते आणि मला एकदा तरी नीट काहीतरी भरून द्यायचं होतं. मग रजिस्टर काढलं. तारीख. येण्याची वेळ सात सोळा, आल्याची वेळ सात सोळा. दिशा वायव्य, चाँदाच्या उजवीकडून. शेऱ्यात लिहिलं, ‘उद्या ईद. घरची गाडी परवा पहाटे.’

निरीक्षक संख्येच्या रकान्यात ‘दोन’ लिहिलं. निळ्या शाईने लिहिलं, आणि या वेळी खोडावं लागलं नाही.